जास्वंदीचा उपास

मुलीच्या वर्गात प्रोजेक्टच्या चिठ्ठ्या काढल्या. तिच्या मैत्रिणीला आलं पेशी विभाजन, म्हणजे थर्माकोलवर लोकरीची गुणसूत्रं चिकटवायची, पूर्वावस्था-मध्यावस्था-पश्चावस्था-अंत्यावस्था असे चार गोल काढायचे, स्केचपेनने नावं टाकायची, संपलं. आम्हाला आलं प्रकाश संश्लेषण, आणि तेही 'घरी प्रयोग करून फोटो आणा' वालं. नशीबच म्हणायचं.

आता मी मराठी मीडियमचा, ती सेमी इंग्लिश. मी हरितद्रव्य म्हणालो की ती म्हणणार, बाबा क्लोरोफिल बोल ना. पण प्रयोग तोच, आमच्या वेळचा. झाड दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानातला साठवलेला स्टार्च ते वापरून संपवतं. मग एका पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून उन्हात ठेवायचं. उघड्या भागात नवीन स्टार्च तयार होतो, पट्टीखाली होत नाही, आणि आयोडीन टाकलं की जिथे स्टार्च तिथे काळंनिळं. पुस्तकात हे सगळं सहा ओळींत होतं हो.

घरात कुंडी एकच, आईची जास्वंद. अंधारी जागाही एकच, बायकोचं कपाट. गुरुवारी सकाळी मी साड्यांखाली पेपर अंथरून कुंडी आत सरकवली, त्यानंतर बायको माझ्याशी जे बोलली ते प्रोजेक्टमध्ये लिहिलेलं नाही. आई बाल्कनीतून ओरडत आली, "अरे, झाड चोरीला गेलं!" तिला सांगितलं, चोरीला नाही, उपास घडवतोय दोन दिवस.

"मुक्या जिवाला?" एवढंच म्हणाली आणि गप्प बसली. आई गप्प बसली की काळजी करायची असते हे मला या वयातही कळू नये!

शनिवारी संकष्टी. सकाळी कुंडी बाहेर काढली, पट्टी लावली, चार तास ऊन दिलं. मग पान तोडून आधी पाण्यात उकळलं. पुढची स्टेप म्हणजे पान स्पिरिटमध्ये गरम करून हिरवा रंग काढायचा, पण स्पिरिट ७८ डिग्रीला उकळतं आणि पेट घेतं, म्हणून गॅस बंद करून कढत पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटची वाटी ठेवायची. बायको दाराशी ओला टॉवेल घेऊन उभी. स्पिरिट हळूहळू हिरवंगार झालं आणि पान पांढरट, कडक, हात लावला तर मोडेल असं. ते परत गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, बशीत पसरलं, पोरीने मोबाईल रोखला आणि मी ड्रॉपरने आयोडीन सोडलं.

अख्खं पान काळंनिळं. पट्टीखालचंसुद्धा!

मी पुस्तक उलटंपालटं केलं, मेडिकलवाल्याला शिव्या दिल्या, पट्टीला भोक आहे का पाहिलं. पोर मात्र आजीकडे बघत होती.

"आजी, खरं सांग."

"तुम्ही सगळे बाहेर गेलात की काढायचे मी बाल्कनीत," आई म्हणाली. "संध्याकाळी यायच्या आत परत कपाटात. ऊन नको का त्याला?"

म्हणजे दोन्ही दिवस आमच्या मागे झाड पोटभर जेवत होतं. उपासाला बसलेलं कोणी नव्हतंच.

"आणि तुझा तरी कसला उपास," म्हणत पोरीने आजीच्या ताटलीतली चमचाभर साबुदाण्याची खिचडी बशीत घेतली आणि वर आयोडीन टाकलं. डांबर बरं वाटेल असा रंग आला. बटाट्याच्या फोडीची तीच गत. आईने चष्मा लावून नीट पाहिलं, म्हणाली, "उपासाला चालतं ते," आणि उरलेली खिचडी शांतपणे संपवली.

मग उठून देवापुढचा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. कोपऱ्यावरच्या हलवायाचे, सकाळीच आणलेले.

"यावर टाक गं जरा."

"आजी, पेढा दुधाचा असतो, त्यात स्टार्च नसतो."

"टाक म्हणते ना."

टाकलं. पेढा निळा झाला, मग काळा.

पोरीने फोटो काढेपर्यंत आईने बॉक्सचं झाकण लावलं होतं, आयोडीनची बाटली पिशवीत टाकली होती, आणि ती दारात चपला घालत होती.