निवडून दिलं म्हणजे गप्प बसायचं?

गोव्यातल्या आमच्या मये गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा ग्रामसभेवरून जुंपली. वरच्या डोंगराची काही जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधता येतात त्या भागात, जाणार अशी कुणकुण लागली आणि दोघातिघांनी त्याविरुद्ध ठराव घ्यायची भाषा सुरू केली. लगेच माझ्या धाकट्या चुलतभावाने लिहिलं, "सरकार निवडून दिलंय ना? मग त्याला काम करू द्या. पटलं नाही तर पाच वर्षांनी पाडा." त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी रात्रपाळी करून आलो होतो. झोप उडाली.

इथे इंग्लंडात, स्विंडनमध्ये, मागच्या गल्लीतल्या माणसाला घरामागे दुमजली एक्स्टेन्शन काढायचं होतं. कौन्सिलचं पत्र मला आलं: एकवीस दिवसांत काय म्हणायचं ते म्हणा. मी लिहिलं की माझ्या स्वयंपाकघरातला उजेड जाईल. परवानगी मिळायची ती मिळालीच, उजेडही गेला. पण ऑफिसरच्या रिपोर्टात माझ्या उजेडावर एक अख्खा परिच्छेद होता. दुपारी किती वाजेपर्यंत ऊन येतं, तेसुद्धा. मी हरलो, पण मला विचारून हरवलं.

गोव्यात २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घातलं. प्रादेशिक आराखड्यातल्या (कुठल्या जमिनीवर काय करता येईल ते यात ठरतं) नजरचुका आणि विसंगती दुरुस्त करायच्या, असं कारण दिलं. जमीनमालकाने अर्ज करायचा, खात्याने त्याच्या तुकड्याचा झोन बदलून द्यायचा. गावाला आधी विचारायची भानगडच नाही. इतकी वर्षं भातशेती आणि बागायती केवळ नजरचुकीने नकाशावर हिरव्या रंगल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. पण त्याआधीच, २०२४ मध्ये, झोन बदलून देणारं दुसरं कलम, ३९अ, आलेलं होतं.

हे मी ग्रुपवर लिहिलं, तर चुलतभावाचं उत्तर आलं: "३९अ मध्ये हरकतींना तीस दिवस आहेत. तुझ्या इंग्लंडात एकवीस. आमचे नऊ जास्त."

खरं आहे. पण माझं पत्र माझ्या दाराच्या फटीतून आत पडलं होतं, ३९अ ची नोटीस राजपत्रात पडते. आमच्या गावात राजपत्र वाचणारा कोण आहे? हरकत आल्यावर ती वाचून उत्तर कोण देतं? (इथेही बिल्डर अपिलात जातो आणि कौन्सिलने नाकारलेली घरं वरून मंजूर होऊन येतात. ते तूर्त राहू दे, मुद्दा वेगळा आहे.)

आणि "निवडून दिलंय" म्हणजे नक्की कुणाला? २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतली होती. अकरा निवडून आले. सप्टेंबरात त्यातले आठ भाजपमध्ये गेले. त्याआधी २०१९ मध्ये दहा गेले होते. चाळीस जणांच्या विधानसभेत आठ आणि दहा हे लहान आकडे नव्हेत. ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांनी पाच वर्षं गप्प बसायचं, आणि ज्याला दिलं त्याला मात्र सहा महिने पुरतात. चुलतभावाला हे विचारलं तर म्हणतो, "राजकारण आहे, चालायचंच."

गोव्याला विचारण्याची सवय नाही असंही नाही. १६ जानेवारी १९६७ ला आख्ख्या गोव्याला विचारलं होतं, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. आमच्या घराने फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात जायच्या बाजूने, मत दिलं. आमच्या भागात फूलच होतं. दोन पानांवर, म्हणजे वेगळं राहण्यावर, मारणारा शोधावा लागला असता, असं आजी सांगायची. फूल ३४ हजारांवर मतांनी पडलं. आजोबा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे कट्टर, मराठी शाळेचे मास्तर. शेवटपर्यंत चडफडत राहिले, पण "आम्हाला कुणी विचारलं नाही" असं म्हणताना त्यांना कुणी ऐकलं नाही. पुढे २००६ साली प्रादेशिक आराखडा २०११ गावांना न विचारता अधिसूचित केला, तेव्हा पणजीचं आझाद मैदान भरलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा आराखडा करताना नकाशे गावोगावच्या पंचायतींत पाठवले होते. तेव्हा आमचा हाच चुलतभाऊ नकाशावर आपलं कुळागर (सुपारीची बाग) बोटाने शोधत होता.

खरं म्हणजे दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाने हे लिहिलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. मयेच्या माणसाने लिहावं? मुक्तीनंतर मयेचा जमीनदार परदेशी गेला. १९६४ च्या कायद्याने त्याची मिळकत स्थलांतरिताची मालमत्ता ठरली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदणारा गाव कस्टोडियनच्या, म्हणजे त्या मालमत्तेवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, हाताखाली आला. घर आपलं, माड आपण लावलेले, पायाखालची जमीन सरकारच्या ताब्यात. घर वाढवायचं तर परवानगी. जमिनीचा कागद नाही म्हणून बँक कर्जाला उभं करत नाही. पोर्तुगीज गेले ते बाकीच्या गोव्यातून. आमच्याकडे त्यांची सावली कचेरीतल्या फायलीत राहिली. ती जमीनदारी संपवणारा कायदा विधानसभेने केला २०१४ साली. मधल्या पन्नास वर्षांत प्रत्येक सरकार निवडूनच आलेलं होतं. मतं आम्हीही देत होतो. गप्प बसून सनदा मिळाल्या नाहीत; माणसं सभा घेत राहिली, मोर्चे काढत राहिली, तेव्हा मिळाल्या.

आता जे चुलतभावाने लिहिलं नाही, पण त्याच्या मनात होतं आणि शेवटी आलंच: "तुका कित्याक पडलां? तूं पुर्तुगेज मरे."

आहे. वडिलांचा जन्म मुक्तीआधीचा, त्याची नोंद लिस्बनला झाली, मग माझी झाली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपलं. ज्या गावाने एका परदेशी गेलेल्या मालकापायी पन्नास वर्षं काढली, त्या गावचा मी पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन परदेशी आलो, यातली गंमत मला कळत नाही असं नाही. कुणी तोंडावर सांगितली की राग येतो, एवढंच. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) मी गावी येऊ शकतो, राहू शकतो. मत देऊ शकत नाही, शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, आणि मतदार यादीत नाव नसलेल्याला ग्रामसभेत जागा नाही. २०२५ च्या मतदार यादी तपासणीत बीएलओ (यादी तपासणारी कर्मचारी) घरी आली, तेव्हा माझं जुनं नाव अजून यादीत होतं. आईने तिला चहा दिला आणि नाव काढायला सांगितलं. मग फोन करून म्हणाली, "खोटं कशाला सांगू?" बरोबरच होतं. तरी त्या दिवशी मी कामावर कुणाशी बोललो नाही.

इथे तरी काय? २३ जून २०१६ ला ब्रेक्झिटचं मतदान झालं. माझ्या घरात वरच्या खोलीत एक कोल्हापूरचा मुलगा राहायचा, आयटीतला, भारतीय पासपोर्टवाला. कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून त्याला मत होतं. ज्याच्या राहण्या-न राहण्याचा प्रश्न होता त्या मला नव्हतं. तो म्हणाला, "सांग, कुठं मारू?" मी सांगितलं, त्याने मारलं, तरी हरलो. आजही मला मत आहे ते कौन्सिलसारख्या स्थानिक निवडणुकांपुरतं. कचऱ्याचे डबे कधी उचलायचे आणि रस्त्यातले खड्डे कधी बुजवायचे, इथपर्यंतच माझी लोकशाही. पार्लमेंट माझं नाही, आणि पर्वरीची विधानसभाही नाही. न विचारता घेतलेला निर्णय कसा लागतो हे मला दोन्हीकडून माहीत आहे. "तिथे बसून कशाला बोलतोस" म्हणणाऱ्यांनी हवं तर याला पोटदुखी म्हणावं.

शेवटी चुलतभावाला खासगीत तीन प्रश्न पाठवले. कुठले सर्व्हे नंबर? अर्ज कुणाचा? एवढी घरं झाली तर उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार, आताच टँकर लागतो. रविवारच्या सभेत विचार म्हटलं, तुझं नाव तर यादीत आहे. तो म्हणाला, "विचारीन, पण ठरावाच्या विरोधात हात वर करीन." कर म्हटलं, सभेत बसून कर. त्या दिवशी त्याची पेडण्याला क्रिकेटची मॅचही आहे, त्यामुळे जाणार की नाही ते शनिवारी सांगतो म्हणाला.