‘शंभरपट परत मिळेल’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच: मन लावून प्रभूची सेवा करा, बायबलच्या मार्क 10 मधल्या येशूच्या वचनाप्रमाणे घर, शेत, पैसा याच आयुष्यात शंभरपट मिळेल, सेवा खरी असेल तर घरात आजार टिकत नाही आणि मंडळी वाढते, तसं होत नसेल तर सेवेत खोट कुठे आहे ते शोधा. विश्वासू सेवेचं प्रतिफळ मिळतं यावर माझाही पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच या संदेशाला उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी शंभरपटीचं बघू. मार्क 10:30 पुढे नीट वाचलं तर त्याच वाक्यात छळणूकही आहे, आणि सार्वकालिक जीवन येणाऱ्या युगात आहे. संदेशात हे दोन्ही गाळलं जातं. शिवाय त्या यादीत घरं आणि शेतं आहेत तशा आयाही आहेत. आया शंभरपट कशा मिळाव्यात? रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात प्रेषित पौल रूफाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईला ‘माझीही आई’ म्हणतो. गावोगावी भटकणाऱ्या, तंबू शिवून पोट भरणाऱ्या माणसाला परक्या घरात आई मिळाली. वचन असं पुरं होतं. आणि हे वचन ज्याच्या बोलण्यावर दिलं गेलं तो येशूचा शिष्य पेत्र? प्रेषितांची कृत्ये 3 मध्ये मंदिराच्या दाराशी बसलेल्या पांगळ्याला तो सांगतो की सोनंरुपं माझ्याजवळ नाही. मग त्याची सेवा कमी पडली म्हणायची का?

आजारपणाचा मुद्दा मला सर्वांत क्रूर वाटतो. वर्षानुवर्षं संडे स्कूल चालवणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू असतं, आणि नेमका तेव्हाच हा संदेश तिच्या फोनवर येतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला पौलाचा सहकारी एपफ्रदीत ख्रिस्ताच्या कामापायीच मरणाच्या दारात पोहोचला होता. पौल त्याची झडती घेत नाही. अशांचा मान राखा, असं सांगतो. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. 1896 नंतरच्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली-बायकांना केडगावला आणून आसरा दिला, उतारवयात बायबलच्या मराठी भाषांतरासाठी कष्ट उपसले. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, कामातला उजवा हात, 1921 मध्ये त्यांच्याआधी गेली. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. खोट शोधायचीच असेल तर रमाबाईंच्या सेवेत शोधून दाखवावी.

मंडळी वाढली तरच सेवा खरी, हेही टिकत नाही. अमेरिकन मिशनचे धर्मप्रचारक गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आले. 1826 मध्ये नाशिककडून परतताना पटकीने वारले, तेव्हा वय अवघं 41. विश्वासात आलेले लोक फारच थोडे होते.

मग प्रतिफळ कसलं? मत्तय 25 मधला तालांतांचा (तालांत म्हणजे त्या काळची मोठी रक्कम) दृष्टांत बघा. पाच तालांत घेतलेल्याने आणखी पाच मिळवले, दोनवाल्याने दोन. धनी दोघांनाही तेच शब्द ऐकवतो: शाब्बास, भल्या व विश्वासू दासा. कमाईत एवढा फरक असून कौतुकात तसूभरही फरक नाही. बक्षीस म्हणून दोघांना आणखी मोठी जबाबदारी मिळते आणि धन्याच्या आनंदात वाटा मिळतो. मंडळीचा हिशेब चोख ठेवणारा, खुर्च्या मांडणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारी, यांना हे वचन ठाऊक आहे. तो संदेश पुन्हा आला, तर पुढे न पाठवता त्यांना हा अध्याय वाचून दाखवा.