माझ्या ड्रॉवरमधला पत्ता

आमच्या जुन्या कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा बातमी पडली. नाईटच्या एका ऑपरेटरला काढलं, ‘नशा करताना सापडला’. खाली अंगठ्यांची रांग. ‘असल्यांना गेटवर उभंच करू नये.’ ‘अच्छा हुआ भिया.’ नशा कसली, तर झोपेच्या गोळ्या. मी दहा मिनिटं लिहीत होतो, पुसत होतो. तिथे जमलं नाही, म्हणून इथे. जरा लांबेल.

इंदूरजवळच्या पीथमपूरला, कारखान्यात, मी २९ वर्षं काढली, शेवटची ९ शिफ्ट इन्चार्ज म्हणून. राजेंद्रनगरला बस पकडायची आणि राऊ गेलं की मान टाकायची. एक आठवडा पहिली, एक दुसरी, एक नाईट. अंगाला नाईटची सवय होतेय असं वाटेपर्यंत आठवडा संपलेला. सकाळी ८ ला घरी यावं तर गल्लीत भाजीवाला, शेजारी मिक्सर, आणि घरातले म्हणतात, झोपा आता. झोपा म्हटल्याने कुणी झोपतं का?

आईच्या आजारपणात डॉक्टरांनी मला अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी लिहून दिली होती, १५ दिवसांसाठी. त्या १५ दिवसांची ६ वर्षं झाली. पर्चा (डॉक्टरची चिठ्ठी) तोच, घडीवर फाटलेला, सेलोटेप लावलेला. मेडिकलवाला ओळखीचा, ‘काका’ म्हणत पत्ता हातात ठेवायचा. (बाहेरच्यांसाठी: गोळ्यांच्या स्ट्रिपला आम्ही इंदूरचे लोक पत्ता म्हणतो.) मार्च २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे औषधविक्रीच्या कडक यादीत, आहे. म्हणजे वेष्टनावर लाल चौकटीत इशारा, आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती दिल्या हे लिहून ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. नियम चांगलाच आहे. मला मात्र कुणी पेन उचलताना दिसलं नाही, आणि मीही कधी आठवण करून दिली नाही.

एक पत्ता घरी, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आमच्या प्रेस शॉपमध्ये (जिथे मोठ्या यंत्रांवर पत्रा दाबून-कापून भाग काढतात) एक पोरगा होता, चोविशीचा, नवं लग्न झालेला. एका पहाटे म्हणाला, ‘काका, तीन दिवस डोळा लागला नाही.’ मी कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या. पोह्यांवर जिरावन टाकावं तितक्या सहज. पुढे तो स्वतःच आणू लागला. कुठून, हे मी विचारलं नाही.

गेटवर आमच्याकडे दारूसाठी फुंकायचं मशीन होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास दोघं-तिघं परत जायचे. गोळीला वास नसतो. आता हिशेब बघा. अल्प्राझोलाम रक्तात निम्म्यावर यायलाच साधारण ११ तास लागतात. सकाळी ८ ला घेतली, रात्री १० ला कार्ड पंच केलं, तरी तिचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग अंगात शिल्लक. रोज घेतली तर कालचंही थोडं त्यात. असा माणूस झिंगत नाही, बरळत नाही. सरळ चालतो, नमस्कार करतो, फक्त अर्धा सेकंद मागे असतो. पॉवर प्रेससमोर अर्धा सेकंद म्हणजे काय, हे ज्यांनी प्रेस पाहिलाय त्यांना सांगायला नको.

पोराचं तसंच होऊ लागलं. जॉब कार्डवर बॅच नंबर चुकायचा, सांगितलेलं विसरायचा, रिजेक्शन वाढलं. आम्ही मेमो दिला: ‘कामात लक्ष नाही.’ खाली सही माझी.

पॅकिंगमध्ये वेगळीच गोष्ट. दिवसभर पेट्या उचलून कंबर गेलेली, मग ट्रामाडॉल, दुखण्यावरची गोळी. दुखणं थांबलं की अंगात जोर येतो, ओव्हरटाइम मारता येतो. नाही घेतली की घाम, अंग मोडून येणं, चिडचिड. २०१८ मध्ये सरकारने तिला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात घातलं ते उगाच नाही. अफूच्याच वाटेने जाणारी गोळी आहे ती. आणि अफूचं आम्हा माळव्यातल्यांना काय सांगायचं! होळकरांच्या काळी या शहराची पेढी तिच्या व्यापारावरही चालली, आजही मंदसौर-नीमचकडे परवान्याने पिकते, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यातून औषधांचा कच्चा माल निघतो. खोकल्याच्या औषधातलं कोडीन त्याच घराण्यातलं. पण अफूचा गोटा घेणाऱ्याला आपण अफीमची म्हणतो, आणि पत्ता बाळगणाऱ्याला पेशंट.

मेमो मिळाल्यावर पोरगा घाबरला. त्याने सगळ्या गोळ्या एका दिवसात फेकल्या. चौथ्या रात्री कँटीनमध्ये त्याला झटका आला. दात बसले, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठली गोळी घेत होता का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. नाव मी सांगितलं. कसं माहीत, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की ही अशी एकदम सोडायची नसते, डॉक्टरच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने उतरवायची असते. एकदम सोडली की झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं.

कंपनीने त्याला ‘मशीनवर काम करण्यास अयोग्य’ ठरवून घरी बसवलं. मी मीटिंगला होतो. गप्प होतो.

आता ग्रुपवाले म्हणतात गेटवर लघवी तपासा. तपासा की. त्यात पर्चा घेऊन नीट औषध घेणाराही सापडेल आणि शेजाऱ्याकडून दोन गोळ्या मागणाराही, आणि उद्यापासून दोघंही लपवतील. पोराने लपवलं म्हणूनच तर झटका कँटीनमध्ये आला. प्रेसवर आला असता तर? मला विचाराल तर दर आठवड्याला शिफ्ट फिरवणं आधी बंद करा. आणि ‘मी अमुक गोळीवर आहे, महिनाभर मला प्रेसवरून काढा’ असं म्हणणाऱ्याची नोकरी टिकेल, हे लेखी द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नशेमुळे होणारे मनाचे विकारही आजारातच धरलेत. टायफॉइड झालेल्याला आपण मेमो देतो का? ज्यांना घरात कुणाला सांगायची सोय नाही त्यांनी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत.

माझी गोळी सुटायला ४ महिने लागले. अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड. त्या पोराला मी एकदा घरी जाऊन भेटलो. त्याच्या आईने चहा केला, ‘तुम्हीच काय ते याला सांभाळलंत’ म्हणाली. मला पहिल्या दोन गोळ्यांचं सांगायचं होतं. चहा पिऊन उठलो.

गेल्या आठवड्यात बीपीची गोळी आणायला त्याच मेडिकलवर गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्याने मागच्या खणातून तो पत्ता काढून काउंटरवर ठेवला. ‘काका, तुमची नेहमीची.’