लाल खुर्चीतले काका

काल रविवारी मी एका अनोळखी माणसाला माझा पगार, आमचं चिकनचं वेळापत्रक आणि पोराचा सतराचा पाढा किती कच्चा आहे ते सगळं सांगून आलो. फुकटात. आज सोमवार. राग उतरलेला नाही.

तर नाशिकच्या सिडकोतलं घर सोडायचंय, कारण मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय. सहा वर्षांतलं हे चौथं घर. पहिल्या वेळी मालकांची आई गावाहून राहायला येणार होती. ती अजून पोचायचीये. तिच्या खोलीत दोन हजार जास्त देणारं एक कुटुंब मात्र पोचलं.

पाथर्डी फाट्याजवळ एक वन बीएचके आहे, भाडं आठ हजार, असं एजंट म्हणाला. "साडेदहाला जा, मालक खालीच भेटतील."

खाली पार्किंगमध्ये लाल प्लास्टिकच्या खुर्चीत एक काका शब्दकोडं सोडवत बसले होते. चपला काढून, एक पाय मांडीखाली घेऊन. परक्याच्या दारात माणूस इतका ऐसपैस बसत नाही, अशी माझी समजूत होती.

"घर बघायला?"

"हो काका."

"बसा," ते म्हणाले. बसायला दुसरं काही नव्हतं. मी कुणाच्या तरी स्कूटरला टेकलो, बायको पोरीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"नोकरी?"

"अंबडला, एका कंपनीत स्टोअरला आहे."

"पर्मनंट?"

"कॉन्ट्रॅक्टवर. पण नऊ वर्षं तेच कॉन्ट्रॅक्ट चालू आहे."

"हातात किती पडतात?"

बायकोनं कोपर मारलं. जास्त सांगावं तर भाडं वाढणार, कमी सांगावं तर घर जाणार. "सव्वीस," मी म्हणालो. सव्वीसच पडतात, पण सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटलं.

"नॉनव्हेज?"

"कधीतरी. तेही मेव्हण्याकडे." घरी फ्रीजमध्ये अर्धा किलो चिकन मॅरिनेट होत होतं.

"पोरं भिंतीवर लिहितात?"

"छे!" मी म्हणालो.

"आता नाही लिहीत," चिरंजीव म्हणाले. "जागा संपली."

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सतराचा पाढा म्हण."

घर भाड्यानं घ्यायला सतराचा पाढा कशाला लागतो? हे तेव्हा विचारायला हवं होतं. पण गरजू माणूस प्रश्न विचारत नसतो. पोरगा पंच्याऐंशीपर्यंत नीट गेला, सतरा सकला अडकला. बायकोनं ओठ हलवून उत्तर पुरवलं. काकांनी ते पाहिलं आणि "हं" म्हणाले. त्या "हं"नं आमचं डिपॉझिट पाच हजारांनी वाढलं, असं मला स्पष्ट ऐकू आलं.

"एजंटनं किती सांगितलंय?"

"आठ. आणि चाळीस डिपॉझिट. पण काका, तीसमध्ये बघा ना."

"जास्तीत जास्त किती झेपेल? एकदाच सांगा, मला घासाघीस आवडत नाही."

मी मनातल्या मनात दूध, गॅस, स्कूल व्हॅन, एजंटचं एक भाडं, सामानाचा टेम्पो असं सगळं मांडलं. "साडेआठ. पस्तीस डिपॉझिट. त्यावर पाचशेसुद्धा नाही."

काकांनी तो आकडा पेपरच्या कडेला, शब्दकोड्याशेजारी लिहून घेतला. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

हल्ली प्रत्येक मालक 2027 च्या कुंभाचं नाव सांगून भाडं वाढवतो. 2015 च्या सिंहस्थात साधुग्राम होतं तपोवनात. एवढं तपोवन सोडून साधू पाथर्डी फाट्याला, माझ्या वन बीएचकेत, ओट्याखाली गळणाऱ्या नळाशेजारी कशाला उतरतील? आणि तो करार! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्यात स्पष्ट लिहिलंय, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. जबाबदारी मालकाची, स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी फी आणि घरी येऊन अंगठा घेणाऱ्याचे पैसे आमचे. शिवाय पोलीस व्हेरिफिकेशनसाठी आमचं आधार, पॅन, दोन फोटो. दर अकरा महिन्यांनी माझा फोटो थोडा जास्त गुन्हेगारासारखा दिसतो.

असो. तेवढ्यात गेटमधून अ‍ॅक्टिव्हा आली. पुढे मेथीच्या जुड्यांची पिशवी. गाडी लावत त्या बाई म्हणाल्या, "काका, ठरलं मग? मुलाला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? नऊ देतो. चाळीस डिपॉझिट." काकांनी पाय खाली सोडून चपला शोधल्या.

मी बाईंकडे बघितलं, मग काकांकडे. "तुम्ही मालक नाही?"

"मी कधी म्हटलं? मुलासाठी बघतोय. सातपूरला लागलाय." आणि निघता निघता, अगदी आपुलकीनं, "पोरगा हुशार आहे. पण पाढे घ्या त्याचे."

बाईंनी आम्हाला पाणी विचारलं. बायको "नको" म्हणाली. त्या "नको"चा उरलेला भाग मी घरी येईपर्यंत ऐकला. चिकन झालं, पण जेवताना कुणी बोललं नाही. पोरगा तेवढा घास चावत म्हणाला, "सतरा सक एकशे दोन."

आज सकाळी एजंटचा फोन. आडगावला एक घर आहे, साडेनऊ हजार. आडगावहून अंबड म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. "जाऊन तर या, मालक स्वतः खाली थांबतात."

मी म्हटलं, "येताना आधार कार्ड आणायला सांग."

"तुमचं ना? ते लागेलच."

"माझं नाही. त्यांचं."

तो बराच वेळ हसला.