पाइप घातले म्हणजे मिथेन संपला? कचराभूमीविषयीच्या एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर कचऱ्याविषयीचा एक मजकूर निरनिराळ्या रूपांत फिरत असतो. त्याचे सार असे: कचराभूमीवर माती टाकून पाइप घातले की मिथेन हाती येतो आणि वर वीजही मिळते, किती वायू बाहेर पडतो याचे गणित शास्त्रज्ञांनी केलेलेच आहे, मिथेन तसाही बारा वर्षांत नाहीसा होतो, जुने डोंगर बायोमायनिंगने, म्हणजे साचलेला कचरा उकरून आणि चाळून, हटवले जात आहेत, आणि ओला-सुका वेगळा केला तरी गाडीत सगळे एकत्रच होते, तेव्हा वर्गीकरणाची सक्ती निरर्थक आहे. यातील प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे, त्यामुळे निष्कर्षही पटकन पटतो. तो तपासून पाहायला हवा.

सगळी मदार पाइपांवर असल्याने सुरुवात तिथूनच करू. ओला कचरा गाडला गेला की त्याच्या पोटातील प्राणवायू लवकरच संपतो आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. मजकुराचा लेखक विसरतो तो या प्रक्रियेचा वेग. लाकूड आणि पुठ्ठा कुजायला दशके लागतात, पण शिळा भात, भाजीचे देठ आणि फळांच्या साली फार लवकर कुजतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२३ मधील अहवालानुसार गाडलेल्या अन्नातील जो कार्बन वायुरूप होतो, त्यातला निम्मा सुमारे साडेतीन वर्षांतच बाहेर पडतो. वायू ओढणाऱ्या विहिरी मात्र बहुधा कचराभूमीचा तो भाग भरून झाल्यावर, म्हणजे काही वर्षांनी बसवल्या जातात. परिणामी, गाडलेल्या अन्नापासून तयार होणाऱ्या मिथेनपैकी अंदाजे ६१ टक्के वायू तेथील यंत्रणांच्या हातीच लागत नाही. हा आकडा तळाला अस्तर, वर आवरण आणि कडक नियम असलेल्या देशातला आहे. आपल्याकडे कचऱ्यात ओल्याचा वाटा जास्त, हवा उष्ण आणि वर चार महिने पाऊस. त्यामुळे कुजण्याचा वेग इथे कमी असण्याचे काहीच कारण नाही.

बरे, विहीर बसवली तरी काम संपत नाही. ही विहीर म्हणजे कचऱ्यात उभे भोक पाडून, भोवती खडी भरून बसवलेला छिद्रांचा पाइप असतो. दुसऱ्या टोकाचा ब्लोअर त्यातून वायू ओढतो आणि तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो. मिथेन, प्राणवायू, तापमान आणि दाब यांची नोंद घेत हा व्हॉल्व्ह वरचेवर जुळवावा लागतो. ओढ वाढवली तर आवरणाच्या भेगांतून हवा आत शिरते आणि पोटात आग धुमसू लागण्याचा धोका निर्माण होतो. ओढ कमी केली तर वायू उतारावरच्या भेगांतून निसटतो. पावसाळ्यात कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी पाइपात साचून छिद्रे बुडतात, आणि कचरा खचत गेला की पाइप वाकतो. निविदेत ‘गॅस संकलन यंत्रणा’ एका ओळीत लिहून मोकळे होता येते. ती चालवायला वर्षानुवर्षे रोज माणूस लागतो.

या मजकुरात मुंबईतील कांजूरमार्ग कचराभूमीचे उदाहरण हमखास असते, आणि नेमके तेच दाव्याच्या विरोधात जाते. ही उघडी पसरलेली जुनी कचराभूमी नाही. येथे बायोरिअ‍ॅक्टर पद्धत वापरली जाते, म्हणजे कचऱ्यातील ओल राखून तो मुद्दाम लवकर कुजवला जातो. लवकर कुजवायचे म्हणजे वायूही लवकर आणि भरपूर तयार होणार, आणि तो तितक्याच तत्परतेने पकडला नाही तर पद्धतीचा गुणच अवगुण ठरणार. नेदरलँड्सच्या अवकाश संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या शहरांवरील मिथेन उपग्रहांनी मोजला गेला. त्यात कांजूरमार्गमधून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन बाहेर पडत असल्याचे, म्हणजेच शहराच्या एकूण मिथेन उत्सर्जनातील सुमारे २६ टक्के वाटा या एका ठिकाणाचा असल्याचे आढळले. हा वेग वर्षभर तसाच धरला तर सुमारे ८६ हजार टन होतात. असा गुणाकार सावधपणेच करावा लागतो. का, ते पुढे येईलच.

माती टाकण्याबद्दलही एक गैरसमज आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शक पद्धतीत पाच मीटरपेक्षा कमी जाडीच्या अनियोजित ढिगाला ०.४, त्याहून जाड ढिगाला ०.८ आणि नीट दाबून-झाकून चालवलेल्या कचराभूमीला १ असा मिथेन-गुणक, म्हणजे कचऱ्यातून तुलनेने किती मिथेन होईल हे सांगणारा आकडा, दिला आहे. उथळ ढिगात हवा खेळते, त्यामुळे कचऱ्याचा काही भाग मिथेन न होता कुजतो. तोच कचरा रचून, दाबून, झाकला की हवा बंद होते. मातीतील काही जिवाणू वर येणारा मिथेन खातात हे खरे, पण त्यासाठी आयपीसीसी योग्य आवरण असलेल्या जागीही १० टक्क्यांचीच सूट धरते. थोडक्यात, वायू पकडण्याची सोय न करता नुसती माती टाकणे म्हणजे मिथेन वाढवणे. माशा, दुर्गंधी आणि आगी यांसाठी माती आवश्यकच आहे; तिचे श्रेय तिला तिथे द्यावे.

आता ‘गणित झालेलेच आहे’ या विधानाकडे वळू. झालेले आहे ते गणितच, मोजमाप नव्हे. किती टन कचरा आला, त्यात ओला किती आणि तो किती वेगाने कुजेल, यांवरून वायूचा अंदाज काढतात. वरचा एक गुणक ०.४ ऐवजी ०.८ धरला की कागदावरचे उत्सर्जन दुप्पट होते, आणि जागेवर काहीच बदललेले नसते. वर उल्लेखलेल्या अभ्यासात त्या शहरांचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रचलित अंदाजांच्या १.४ ते २.६ पट निघाले. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विमान-पाहणीत अडीचशेच्या आसपास कचराभूमींपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी मिथेनचे ठळक झोत दिसले आणि मोजलेले उत्सर्जन सरकारकडे नोंदवलेल्या आकड्यांच्या सरासरी १.४ पट भरले. उलट बाजूही सांगायला हवी. विकसनशील देशांतील वायू-संकलनाच्या अनेक प्रकल्पांत कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे उत्सर्जन रोखल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, आशेने मांडलेल्या अंदाजांपेक्षा बराच कमी वायू प्रत्यक्ष हाती लागला. अंदाज दोन्हीकडे चुकतो, आणि गंमत म्हणजे विकायचा असतो तेव्हा वायू जास्त दिसतो, कबूल करायचा असतो तेव्हा कमी.

मग उपग्रहावर डोळे मिटून विसंबावे का? तेही नाही. ही उपकरणे जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातून मिथेन ओळखतात. म्हणून ती दिवसाच, आणि ढग नसतानाच उपयोगी पडतात. मुंबईत जून ते सप्टेंबर, म्हणजे कचरा सर्वांत ओला असतो नेमक्या त्या काळात, त्यांना फारसे दिसत नाही. शिवाय हवेचा दाब उतरला की कचऱ्यातून वायू अधिक सुटतो आणि वाढला की कमी. त्यामुळे मोजक्या निरभ्र दिवसांच्या नोंदींना वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणून आलेला आकडा प्रश्न केवढा मोठा आहे ते सांगतो, नेमका हिशेब नव्हे. उपग्रहाने झोत दाखवावा आणि माणसाने तिथे जाऊन भेग शोधावी, अशी कामाची विभागणी हवी. अमेरिकेत नियमांच्या कक्षेतील कचराभूमींवर हातातील यंत्र घेऊन सुमारे ३० मीटर अंतराच्या पट्ट्यांत चालत जावे लागते, आणि पृष्ठभागाशी दशलक्ष भागांत ५०० भागांहून अधिक मिथेन आढळला तर ती जागा दुरुस्त करून पुन्हा मोजावी लागते. या कामाला उपग्रह लागत नाही; लागते ती ठेकेदाराच्या करारातील अट, आणि मोजणारा त्या ठेकेदाराचा माणूस नसणे.

मिथेन बारा वर्षांत नाहीसा होतो, हे विधान जवळपास बरोबर आणि त्यावरून काढलेला अर्थ पूर्ण उलटा आहे. तेवढ्या अल्प आयुष्यातही वीस वर्षांच्या मापाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट भरते. आज गळती थांबवली तर परिणाम याच पिढीला दिसेल, कारण आधी सुटलेला वायू लवकर विरतो. रोज नवा कचरा गाडत राहिलो तर मात्र विरणाऱ्याची जागा नवा वायू घेत राहतो.

बायोमायनिंगबद्दल आकस असण्याचे कारण नाही. देवनारच्या सुमारे १८५ लाख टन जुन्या कचऱ्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली. जमीन मोकळी होणे आणि २०१६ सारख्या आगींचा धोका टळणे, हे लाभ मोठे आहेत. पण दशकानुदशके पडून राहिलेल्या कचऱ्यातील अन्नाचा मिथेन बहुतांशी केव्हाच हवेत गेलेला असतो. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली तेव्हा शहराचा ओला कचरा कमी झाला नाही; त्याची वाट फक्त बदलली. आज शहराचा बहुतांश कचरा कांजूरमार्गला जातो.

राहिला मुद्दा गाडीत एकत्र होणाऱ्या कचऱ्याचा. ही तक्रार रास्त आहे. दोन डबे भरून खाली उतरलेल्या माणसाला दोन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होताना दिसले तर त्याने सक्तीला नावे ठेवू नयेत, अशी अपेक्षा करणेच चूक. मात्र तक्रार वाहतुकीची आहे आणि मागणी वर्गीकरण बंद करण्याची, हे जुळत नाही. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला दिवसाला ५५० टन क्षमतेचा बायोगॅस प्रकल्प घरोघरच्या वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्यावर आधारलेला आहे. तिथे तोच मिथेन बंद टाकीत, पहिल्या दिवसापासून तयार होतो आणि वाहनांचे इंधन म्हणून विकला जातो. फुकटच्या ऊर्जेचे स्वप्न पाहणाऱ्यांनी पाहावी ती ही टाकी. सुरुवात घरांपासूनच व्हायला हवी असेही नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली होती. हॉटेले, मंगल कार्यालये आणि भाजी बाजार यांचा ओला कचरा एकाच जागी, एकाच प्रकारचा आणि मोठ्या प्रमाणात मिळतो. त्यांच्यासाठी ठरलेल्या वेळी येणारी वेगळी गाडी, आणि त्या गाडीचे रोजचे वजन संकेतस्थळावर, एवढे आधी मागितले तर सोसायटीच्या दारात दुसरी गाडी का येत नाही, हा प्रश्नही अधिक ठामपणे विचारता येईल.