किती पीस गेले?

परवा एका कार्यक्रमात नुकतंच स्वतःचं युनिट टाकलेला एक मुलगा भेटला. म्हणाला, "ताई, माणसं सांभाळणं जमत नाही. लीडरशिपचा कुठला कोर्स करू?" चार लोकांत घाईघाईत मी त्याला काहीतरी सांगितलं आणि घरी आल्यावर रुखरुख लागली. म्हणून इथे सविस्तर लिहिते. अजून कुणाला उपयोग झाला तर बरंच.

माझं मत सरळ आहे. मालकाला माणसं सांभाळता येतात की नाही, हे बघायचं असेल तर त्याचं भाषण ऐकू नका. शॉपवर, म्हणजे कारखान्यात, काही बिघडलं तर ते त्याच्या कानावर यायला किती वेळ लागतो, तेवढं बघा. मला हे 2016 साली कळलं आणि चांगलंच महागात पडून कळलं.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे, मशीनवर धातूचे सुटे भाग कातून देतो. तेव्हा पाच मशीन आणि चौदा माणसं होती. पंपाच्या बेअरिंग हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाचं, काम नवीनच मिळालं होतं. बोअर, म्हणजे आतलं भोक, 62 मिलिमीटर; टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक 30 मायक्रॉन, म्हणजे 0.03 मिलिमीटर. एका रात्री दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला आणि ऑफसेट मारताना, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती टाकताना, 0.005 च्या जागी 0.05 टाकलं. एक शून्य राहिलं. भोक तपासायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी भोक मोठं झालं तरच आत जाते, ती सरळ आत जायला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, पण तोवर 38 पीस निघाले होते. त्याने ऑफसेट दुरुस्त केला, पुढचा माल व्यवस्थित काढला आणि ते 38 चांगल्या मालात मिसळून टाकले. सकाळी गाडी भरून गेली.

चार दिवसांनी कस्टमरचा फोन. बेअरिंग सैल बसतंय, लाइन थांबलीय, आत्ताच्या आत्ता या. मी आणि आमची दोन मुलं तिथे दोन दिवस उभ्याने 600 हाउसिंग एकेक करून गेजवर तपासत होतो. नुकसानीचे पैसे कापल्याची डेबिट नोट आली ती वेगळीच.

परत आल्यावर त्या ऑपरेटरला ऑफिसात बोलावलं. काढायचंच, असं ठरवून बसले होते. विचारलं, "त्याच रात्री का नाही सांगितलंस?" तो बराच वेळ खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सांगायला फोन लावलता ताई, रिंग वाजायच्या आधी कट केला. मागच्या म्हयन्यात त्या पोराला कसं बोललासा, बघितलंय की आम्ही."

मागच्या महिन्यात मी एका पोराला तीन पीस गेले, म्हणजे खराब झाले, म्हणून सगळ्यांसमोर झाडलं होतं. पगारातून पैसेही कापले होते. तीन पिसांना एवढं, मग अडतीसला किती? हा हिशेब त्याने मशीनसमोर उभ्या उभ्या केला होता. सांगितलं तर बोलणी आणि कपात नक्की, लपवलं तर कदाचित खपून जाईल. त्याच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. त्या हिशेबातले सगळे आकडे मीच तर पुरवले होते.

मी ओरडायचे का, तेही सांगते. मशीनशॉपमध्ये बाई मालक असली की पहिलं वर्षभर प्रत्येक जण तुम्हाला जोखत असतो. ड्रॉइंग वाचता येतं का, गेज धरता येतो का. कुणी हलक्यात घेऊ नये म्हणून मी आवाज चढवायला लागले. आवाज चढला की शॉप गप्प व्हायचं आणि ती शांतता म्हणजे वचक, असं मला वाटायचं.

खरं तर हे मला घरातच कळायला हवं होतं. माझं माहेर इचलकरंजीचं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, त्या गावात माझ्या वडिलांचे चार माग होते, साधे. ताण्यातला (मागावरच्या उभ्या धाग्यांतला) एखादा धागा तुटला आणि कामगाराच्या लक्षात आलं नाही, तर माग तसाच खडखडत चालत राहायचा आणि कापडात लांबच्या लांब फॉल्ट पडत जायचा. बाबा म्हणायचे, "धागा तुटणारच. तुटल्यावर माग किती वेळ चालला, ते मला सांग." तुटला म्हणून त्यांनी कुणाला बोलल्याचं मला आठवत नाही. कामगार माग थांबवून हाक मारायचा आणि बाबा हातातलं काम टाकून उठायचे.

जपानमध्ये साकिची टोयोडांनी नेमकी हीच अडचण यंत्रातच सोडवली. 1924 चा त्यांचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. ब्रिटनच्या प्लॅट ब्रदर्सने 1929 मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. साकिचींच्या मुलाने पुढे मोटारी बनवायला घेतल्या आणि मागातला तो विचार टोयोटाच्या कारखान्यात माणसांच्या हाती आला. लाइनच्या कडेने दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की कुठलाही कामगार ती ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर त्याच्यापाशी येतो. ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. लीन मॅन्युफॅक्चरिंगच्या, म्हणजे कामातलं वाया जाणं कमी करायच्या पद्धतीच्या, ट्रेनिंगमध्ये आम्हाला हे सगळं शिकवलं होतं. मी त्यातला दिवा तेवढा उचलला. 2015 मध्ये प्रत्येक मशीनवर लाल दिवा बसवून घेतला, आणि तो वर्षभरात एकदाही लागला नाही. दिवा लावला की ताई येणार आणि ताई आली की काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या ऑपरेटरला मी काढलं नाही. पगारातली कपात त्याच महिन्यापासून बंद केली. प्रत्येक मशीनपाशी लाल क्रेट ठेवला. गेलेला पीस त्यात टाकायचा, दिवसाचा आकडा फळ्यावर लिहायचा, नाव लिहायचं नाही. हे सोपं होतं. अवघड गेलं ते माझं तोंड. कुणी खराब पीस घेऊन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुणी केलं?" त्याच्या जागी "किती पीस गेले?" हे तोंडात बसायला मला सहा महिने लागले. दोन्ही प्रश्न दोन-तीनच शब्दांचे. पण पहिला ऐकला की माणूस स्वतःला वाचवायला लागतो आणि दुसरा ऐकला की पीस मोजायला लागतो. हा फरक मी समोरच्यांच्या चेहऱ्यावर बघितलाय.

पाळी बदलताना दहा मिनिटं उभ्याने बोलायचं ठरवलं. पहिले काही दिवस कुणीच तोंड उघडेना. आमच्याकडे एक जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, तीस वर्षांचा हात आहे. ते आधी बोलले की पोरं नुसती माना डोलवायची. मग मामांना बाजूला घेऊन विनंती केली, "मामा, तुम्ही शेवटी बोला." मोठ्या मनाने त्यांनी ते मानलं. तरीही गाडी अडलेलीच होती. एक दिवस मीच सांगितलं की एका कोटेशनमध्ये मी मटेरियलचा जुना दर धरला आणि त्या ऑर्डरवर आपल्याला काही सुटणार नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पहिला लाल दिवा लागला.

पुढचे तीन महिने फळ्यावरचा रिजेक्शनचा आकडा वाढतच गेला. आमचे अकाउंटंट काळजीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोकांना सैल सोडलंय." मलाही रात्री झोप लागत नव्हती. त्याच सुमारास हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या संशोधनाबद्दल वाचनात आलं. नव्वदच्या दशकात त्या हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. अंदाज असा, की चांगल्या टीमकडे चुका कमी असतील. निघालं उलटंच, चांगल्या टीमकडे नोंदलेल्या चुका जास्त. कारण शोधलं तेव्हा दिसलं की त्या टीममध्ये लोक चुकीबद्दल मोकळेपणी बोलत होते. ते वाचून मला धीर आला. आमच्याकडे आकडा वाढला होता, पण तो शॉपच्या आतला होता. कस्टमरकडून परत येणारा माल कमी कमी होत चालला होता.

याचा अर्थ शॉपवर काहीही चालतं, असा नाही. फर्स्ट पीस न तपासता माल काढायची सवय असलेल्या एकाला मी तीनदा समजावलं, चौथ्यांदा हिशेब करून मोकळं केलं. चूक होणं वेगळं आणि तपासायचंच नाही असं ठरवणं वेगळं. हे त्याला एकट्याला बसवून, दार लावून सांगितलं. कामावर घेताना नव्या माणसालाही आता हेच सांगते: पीस गेला तर कपात नाही, लपवलास तर मात्र आपलं जमणार नाही.

कोर्स वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. मीही दोन केलेत, त्यातून हिशेबाची आणि नियोजनाची शिस्त लागली. पण हॉटेलच्या हॉलमध्ये मालकाला माइक धरून बोलायला शिकवतात, नजरेला नजर द्यायला शिकवतात. समोरचा घाबरत घाबरत काही सांगत असताना मधे न बोलता ऐकून घ्यायला कुणी शिकवलेलं मला तरी भेटलं नाही. ती सवय शॉपवर, डोकं तापलेलं असताना, रोज थोडी थोडी लावून घ्यावी लागते.

मागच्या आठवड्यात रात्री पावणेबाराला फोन वाजला. तीन महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा.

"ताई, नो-गो जातंय. मशीन बंद ठेवलंय."

"किती पीस गेले?"

"दोन. लाल क्रेटमध्ये टाकलेत. आधीचे धा परत तपासले, चांगले हाईत."

इन्सर्टचा कोपरा बघायला सांगितलं. तुटलेला निघाला. बदलून, ऑफसेट मारून, पहिला पीस गेजवर लावून त्याने पुन्हा फोन केला. मापात होता. मग जरा थांबून म्हणाला, "झोपला होतासा काय, ताई?"

म्हटलं, "झोपले होते. बरं केलंस उठवलंस."