'विज्ञान रोज बदलतं' यावर थोडं सविस्तर

तुम्ही लिहिलंत, "विज्ञान आज एक सांगतं, उद्या दुसरं. तरी तुम्ही त्यावर विसंबता. मग ही तुमची श्रद्धाच नाही का? त्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव काय वाईट?" प्रश्न रास्त आहे.

आधी एक कबूल करतो. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष अशा विज्ञानाच्या पायऱ्या मी आधीच्या लेखात मांडल्या, ते फार सोपं करून सांगणं झालं. संशोधन इतकं सरळ चालत नाही. पण श्रद्धेचा मुद्दा मला पटत नाही. का, ते एकाच माणसाच्या दोन भाकितांवरून सांगतो.

युरेनस हा ग्रह न्यूटनच्या गुरुत्वाच्या गणिताने काढलेल्या वाटेवरून किंचित ढळत होता. पलीकडचा एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असणार, असं फ्रेंच गणिती ल व्हेरिए याने मांडलं आणि त्या ग्रहाची जागा काढून बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तिथला खगोलशास्त्रज्ञ गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत होता आणि त्याचा विद्यार्थी सहकारी तो नकाशावर ताडून पाहत होता. एक तारा नकाशात नव्हताच! सांगितलेल्या जागेपासून तो एक अंशही दूर नव्हता. तरी त्यांनी दुसऱ्या रात्री पुन्हा पाहिलं. ठिपका सरकला होता, म्हणजे तो तारा नव्हे, ग्रह होता. मला ती दुसरी रात्र जास्त मोलाची वाटते. तो नेपच्यून होता.

१८५९ मध्ये ल व्हेरिएनेच बुधाच्या कक्षेतही असाच फरक दाखवला. आजच्या मोजणीने तो शतकाला सुमारे ४३ विकला आहे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्याने तोडगाही तोच सुचवला, सूर्याजवळ आणखी एक ग्रह. त्याचं 'व्हल्कन' असं बारसंही झालं, काहींनी तो पाहिल्याचं सांगितलं. पण इतरांनी वारंवार शोधूनही तो हाती लागेना. माणूस तोच, कीर्ती मोठी, युक्ती एकदा फळलेली. नुसत्या श्रद्धेवर चाललं असतं, तर व्हल्कन आजही शाळेच्या पुस्तकात असता. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धान्तातून तेवढाच फरक आपोआप निघाला आणि त्या ग्रहाची गरजच उरली नाही.

तुम्ही ज्याला 'बदलणं' म्हणता ते हे. आणि यात नेपच्यून कुठे गेला नाही. न्यूटनचं गणितही मोडीत निघालं नाही. ते कुठवर चालतं, ती हद्द कळली.

अनुभवाला मी कमी लेखत नाही. पण त्या अनुभवात एखादी चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असेल, तर ती शोधायची कशी? यावर तुम्ही काय म्हणता, ते मला खरंच वाचायचंय.